ट्रॉली उंच करू नका

आज प्रमाणपत्र घेणाऱ्या मुलामुलींनो, आयटीआयच्या मुलांसाठी दीक्षान्त समारंभ करायची पद्धत २०२२ च्या विश्वकर्मा जयंतीपासून सुरू झाली. आमच्या वेळी प्रमाणपत्र कारकुनाच्या खिडकीतून मिळायचं.

मी बसच्या कार्यशाळेत फिटर म्हणून लागलो, तेव्हा तिथे एक वयस्कर मिस्त्री होते. टायरवरून ते आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर तळहात फिरवायचे. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर खरखरीत लागलं की म्हणायचे, “टो बिघडला, टाय रॉड पाहा.” टो म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. त्यांचं निदान चुकलेलं मला आठवत नाही. पण असं का होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारायला अभियंत्यांच्या खोलीत गेलो. कपाटात पुस्तकं दिसत होती. “फिटरनं पाना धरावा,” असं उत्तर मिळालं आणि कपाटाला कुलूप लागलं. ते मला अजून सलतं. आपल्या धंद्यात गाडीला हात लावणाऱ्याला गणित दिलं नाही, आणि गणित येणाऱ्या कितीतरी लोकांनी कधी गाडीखाली शिरून पाहिलं नाही. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात गाडी वळणावर कशी वागते याचा पाया घातला. ते ज्ञान आमच्या गॅरेजपर्यंत यायला एवढा काळ का लागावा?

निवृत्तीनंतर मला एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या मंचावर आयआयटी मद्रासच्या प्रा. आर. कृष्णकुमार यांची वाहन गतिकीवरची व्याख्यानं सापडली. ऐकायला पैसे पडत नाहीत. रात्री जेवणं आटोपली की मोबाइल घेऊन बसायचो. चाकाचं तोंड एका दिशेला आणि चाल दुसऱ्या दिशेला, या दोहोंत जो कोन पडतो त्याचं प्रकरण लागलं आणि मी उठून बसलो. टो बिघडला की सरळ रस्त्यावरही चाक जरासं तिरकं घासत जातं, म्हणून रबराच्या कडा एका अंगानं झिजतात. मिस्त्रींचा तळहात हेच वाचत होता. ते सांगायला मी त्यांच्याकडे धावत गेलो असतो, पण तोवर ते गेले होते.

आता मला जे सांगायचं आहे ते. तुमच्यातले वेल्डर नीट ऐका. धानाची मळणी झाली की शेतकरी तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, “भाऊ, ट्रॉलीच्या फाळक्यावर दीड फूट पत्रा चढवून दे.” एका खेपेत जास्त कट्टे जावेत, एवढंच त्याला हवं असतं. डिझेल महाग आहे, त्याचं काही चुकत नाही. तरी चढवू नका.

दोन चाकांतलं अंतर दीड मीटर धरा, भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास उलटते. गुरुत्वमध्य दीड मीटरवर नेला की तोच आकडा ३६ वर येतो. हे कागदावरचं. प्रत्यक्षात पाटे एका अंगाला दबतात, टायर चेपतो, कट्टे सरकतात, त्यामुळे ती याच्याही आधी जाते.

गोसेखुर्द धरणाच्या कालव्याच्या पाळीवर अशीच एक ट्रॉली उलटली. चालवणाऱ्या पोराचा पाय गेला. कागदोपत्री चालकाचा निष्काळजीपणा लागला. फाळका किती वाढवला होता, हे कुणी मोजलं नाही. मी टेप घेऊन गेलो होतो, आकडे लिहून दिले, ते कुणी घेतले नाहीत. तो पत्रा ज्याने जोडला त्याचं काम उत्तम होतं, एकही सांधा उकलला नव्हता. म्हणूनच सांगतो, चांगल्या वेल्डरनं नाही म्हणायला शिकलं पाहिजे. ट्रॉली उंच करू नका.

ट्रॅक्टर मेकॅनिकांनो, सर्व्हिसिंगला आलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ब्रेक पेडलना जोडणारी पट्टी आधी पाहा. शेतात वळायला ते सुटे लागतात. रस्त्यावर सुटे राहिले तर एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. त्यात कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि मागचं धान त्याला ढकलत राहतं. ट्रॅक्टर जरा तिरका असला तर तो आडवाच होतो.

एनपीटीईएलची सत्रं जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. परीक्षा द्यायची असेल तरच फी भरावी लागते. व्याख्यानं इंग्रजीत आहेत, तेव्हा चौघांनी मिळून बसा, थांबवून थांबवून ऐका, आणि प्रत्येक धड्यानंतर बाहेर जाऊन एक खरी ट्रॉली मोजा. नुसतं मोबाइलवर पाहून प्रमाणपत्र मिळवलंत तर माझ्या वेळचं ते कुलूप तुम्हीच पुन्हा लावाल. गणित अडलं तर मी इथे पवनीतच असतो, संध्याकाळी घरी या. आणि फाळका वाढवून मागणारा शेतकरी ऐकत नसेल, तर त्यालाही सोबत घेऊन या.