जरा सरकून बसा



प्रत्येक शहराला दोन बोधवाक्ये असतात. एक संस्कृतात असते व ते महापालिकेच्या मुद्रेवर कोरलेले असते. दुसरे लोकांच्या तोंडी असते. मुंबईचे हे दुसरे बोधवाक्य तीनच शब्दांचे आहे : 'जरा सरकून बसा.' १९५० ते १९७० च्या दरम्यान गिरगावातल्या चाळींत वाढलेली आम्ही मुले दुधाखालोखाल या वाक्यावरच पोसली गेलो. त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

हे वाक्य शहराइतकेच जुने आहे. मुंबई मूळची सात बेटे. मधल्या खाड्या बुजवून त्यांचे एक शहर झाले. म्हणजे मुंबईने पहिल्याप्रथम सरकायला सांगितले ते प्रत्यक्ष समुद्राला! समुद्र सरकला खरा, परंतु विसरला नाही. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागातल्या गटारांची तोंडे भरतीच्या पातळीखाली जातात आणि पावसाचे पाणी समुद्रात जाण्याऐवजी रस्त्यातच मुक्काम ठोकते. जणू समुद्र म्हणतो, 'आता तुम्ही जरा सरका.' अशा वेळी आमचा पक्ष उघडपणे समुद्राचा असे. कारण शाळेला सुट्टी मिळे.

चाळीतली आमची खोली दहा बाय बाराची. तीत माणसे सात आणि भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेला कोकणातला एखादा पाहुणा. हा पाहुणा दोन दिवसांसाठी म्हणून येई, त्याला गिरणीत किंवा कचेरीत नोकरी लागे आणि त्याचे दोन दिवस दोन वर्षांनी संपत. रात्री वळकट्या पसरल्या की जमीन दिसेनाशी होई. मग पुरुषमंडळी गॅलरीत झोपत. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचा गार वारा आत येतो, हे शास्त्र आम्ही पुढे भूगोलात शिकलो. पण तो वारा कितव्या बिऱ्हाडापुढे चांगला लागतो, हे आधीच ठाऊक होते. त्या जागेवरून होणारे तंटे भूगोलाच्या पुस्तकात नव्हते.

मजल्यावर रेडिओ एकच. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागली की रेडिओ मालकाचा आणि गीतमाला साऱ्या मजल्याची. उंबऱ्यावर बसलेल्याला मागून आवाज येई, 'जरा सरक रे!' तो सरके. आणि सरकता सरकता शेवटी जिन्यात पोचे.

ट्राममध्येही तेच. घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. ट्रामला कसलीच घाई नसे. दोन अनोळखी गृहस्थ एका बाकावर बसले, तर उतरेपर्यंत त्यांच्या मुलामुलींच्या पत्रिका जुळवून होत. लोकलची गोष्ट निराळी. तिथे तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याला अर्धी मांडी टेकायला मिळते. उरलेली अर्धी परमेश्वराच्या भरवशावर असते. पण त्याला 'नाही' म्हणणारा मुंबईकर विरळा.

आता थोडे गंभीरपणे. या आठवणी सांगताना आम्हां पुरुषांना फार उमाळा येतो. पण आमच्या आयांना कोणी विचारले होते काय? नळाला पाणी पहाटे येई. साऱ्या मजल्याची बाई चार वाजता उठे, हंडे-कळशा घेऊन रांगेत उभी राही आणि पिंप भरून झाल्यावर आम्हांला उठवी. त्या रांगेत 'जरा सरका' असे कोणी म्हटले तर भांडण होई, आणि ते योग्यच होते. गॅलरीतला वारा आम्ही खाल्ला. नळावरची पहाट त्यांच्या वाट्याला आली. त्यांना घरातला नळ आणि लावून घेता येईल असे न्हाणीघराचे दार हवे होते, दुसरे काही नको होते.

म्हणून चाळी पडू लागल्या की आम्ही गळा काढीत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या गेल्या. २०२५ साली तिथल्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. फार चांगले झाले. आणखी आधी मिळावयास हव्या होत्या.

मात्र एक गोष्ट मनाशी घोळते. चाळीत आम्ही सरकत होतो तो सद्गुण म्हणून नव्हे. जागाच नव्हती, न सरकून सांगता कोणाला? आता जागा झाली आहे, दारे बंद होतात, शेजाऱ्याच्या घरातले खोकणे ऐकू येत नाही. बाविसाव्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा दोन दिवस खाली दिसले नाहीत, तर त्यांची घंटा वाजवायला कोणी भाग पाडीत नाही. ती वाजवणारा माणूस मात्र खऱ्या अर्थाने सरकला, असे आम्ही म्हणू. आमची परीक्षा चाळीत झालीच नव्हती. ती आता सुरू झाली आहे.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले आहे. पुढचे वक्ते केव्हाचे बाकाच्या टोकाला टेकून बसले आहेत. त्यांच्यासाठी आम्ही आता जरा सरकतो.