छताखालचं हवामान



आजचा विषय 'पर्यावरणपूरक घरं' असा जाहीर झाला आहे. हे शब्द ऐकले की गच्चीवरची बाग, सौर पॅनेल आणि डोंगराकडे तोंड करून उभा असलेला बंगला डोळ्यांसमोर येतो. जाहिरातींनी आपल्याला तेच दाखवलं आहे. मी वास्तुरचनाकार आहे, पण आज त्या बंगल्याबद्दल बोलणार नाही. मी पत्र्याचं छत, पश्चिमेची भिंत आणि कायम बंद असलेली खिडकी यांबद्दल बोलणार आहे. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, गोवंडी इथून आलेल्यांना या तिन्ही गोष्टींची ओळख करून द्यायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: घरातला उकाडा फक्त सूर्यामुळे होत नाही, तो घराच्या रचनेमुळेही होतो. रचना माणसं ठरवतात, म्हणून ती बदलता येते. मात्र बदलण्याआधी, त्या घरात दिवसाचे सर्वांत जास्त तास कोण काढतं, हे विचारावं लागेल.

हवामान खातं सांगतं, आज पारा ४२ अंशांवर. हे तापमान मोकळ्या जागेत, सावलीतल्या हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. आपली अम्मी, खाला, वहिनी दुपारी कुठे असतात? पत्र्याखाली, पेटत्या शेगडीजवळ, शेजारी चालू असलेल्या यंत्रमागाच्या उष्णतेत. त्यांचं हवामान वेगळं असतं आणि ते कुठल्याच बातमीत येत नाही.

आधी छत बघू. पत्रा पातळ असतो. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता सरळ खाली फेकतो. त्याच्याखाली पंखा लावला तर तो तापलेली हवाच फिरवतो. सिमेंटच्या स्लॅबचं दुखणं वेगळं. तो दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री सोडत राहतो. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री अकरालाही झोप येत नाही. दिवसाचा ताण भरून काढण्यासाठी शरीराला रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही की म्हातारी माणसं, बाळं, गरोदर बाया यांना सर्वांत आधी त्रास होतो.

हे किती गंभीर असू शकतं, ते अहमदाबादने पाहिलं. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्यातून २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. पुढे त्यात छतांचा विषय आला. वस्त्यांमधली छतं पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या रंगाने रंगवायला सुरुवात झाली आणि त्यात महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी वस्तीतल्या बायकांना सोबत घेतलं. अशा रंगाने घरातलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं. तेलंगणाने २०२३ मध्ये याच विषयावर राज्याचं स्वतंत्र धोरण आणलं.

दोन-पाच अंश म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण एसी न घेता, वीजबिल न वाढवता मिळालेले हे अंश आहेत. एसी आपल्या खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत. पांढरं छत ती उष्णता आत येण्याआधीच परत पाठवतं.

इथे थोडी व्यवहाराची माहिती. स्लॅबवर चुन्याचा थर चालतो, पण तो धुळीने काळवंडतो आणि पावसात धुपतो, म्हणून उन्हाळ्याआधी दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. लोखंडी पत्र्यावर नुसता चुना टिकत नाही, तिथे बाहेरून लावायचा ऊन परतवणारा रंग हवा. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो घासायचा नाही, कापायचा नाही. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पत्र्याखाली छत मारणार असाल तर मधली पोकळी बंद करू नका. दोन्ही बाजूंनी वारा जायला जागा ठेवा, नाहीतर तापलेली हवा तिथेच कोंडते.

आता खिडकी. वारा एका भोकातून येऊन त्याच भोकातून जात नाही. आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी, शक्यतो समोरच्या भिंतीत आणि थोडी उंचावर, कारण गरम हवा वर चढते. हे आपल्या जुन्या कारागिरांना पक्कं माहीत होतं. औरंगाबादची पाणचक्की तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी, म्हणून भर उन्हाळ्यातही ते दालन थंड. वीज नव्हती, पण विचार होता.

मग आपल्या घरांत खिडकी असूनही ती बंद का? मी घरं बघायला जाते तेव्हा हा प्रश्न पुरुषांना विचारला की 'धूळ येते' असं उत्तर मिळतं. तोच प्रश्न बायकांना विचारला की थोडा वेळ शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं, 'समोरून दिसतं ना.' दोन इमारतींमध्ये हात पोहोचेल एवढंच अंतर असेल तर खिडकी उघडणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात बसणं. परद्याचा आग्रह असो वा नसो, कोणत्याही बाईला ते नको असतं. म्हणून ती घामाघूम होते, पण खिडकी लावून घेते. हा प्रश्न उपदेशाने सुटत नाही. तो जाळीने सुटतो. दिवसा बाहेर उजेड आणि आत अंधूक असेल, तर जाळीतून आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आणि वारा चालू राहतो. रात्री दिवा लागला की उलटं होतं, तेव्हा आतून पडदा हवा. वीट, सिमेंट, लाकूड, कशाचीही जाळी करता येते.

पण दोन इमारतींमधलं अंतर जाळीने वाढत नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींमध्ये ते जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, हवा खेळत नाही. तिथल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध याच अंधाऱ्या, कोंदट रचनेशी आढळला. झोपडी गेली, पक्कं घर आलं आणि खोकलाही आला. तेव्हा 'पुनर्विकास होतोय' एवढ्यावर खूश होऊ नका. किती चौरस फूट मिळणार हे आपण विचारतो. ऊन किती मिळणार, हे कुणी विचारत नाही.

विचारण्यासाठी आधार आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. २०१८ च्या आवृत्तीत ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी होती. मुंबईसारख्या उष्ण-दमट भागात, घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश इतकी उघडता येणारी जागा असावी, असं ती सांगते. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या घराला ५० चौरस फूट. संहिता राज्यांनी आपल्या नियमांत स्वीकारायची असते. पण बिल्डरसोबतच्या सोसायटीच्या बैठकीत हा आकडा टेबलावर ठेवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटी दोन वास्तुरचनाकारांबद्दल सांगते. इजिप्तचे हसन फतही यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ 'न्यू गुर्ना' हे गाव मातीच्या विटांनी उभारलं. घुमट, चौक, वारा आत ओढणारे झरोके, सगळं हवामानाला साजेसं. आजही जगभर त्याचा अभ्यास होतो. पण जुन्या गुर्नातले लोक आपलं गाव सोडायला तयार नव्हते. त्यांना हलवायचं हे सरकारने आधीच ठरवलं होतं. प्रकल्प अपुरा राहिला.

दुसऱ्या यास्मीन लारी, पाकिस्तानच्या पहिल्या महिला वास्तुरचनाकार. १९७० च्या दशकात लाहोरमध्ये अंगुरी बाग ही गरिबांची वसाहत करताना त्या तिथल्या बायकांशी बोलल्या. बायकांची चिंता होती, आमच्या कोंबड्या कुठे ठेवायच्या? लारींनी घरांना गच्च्या दिल्या. पुढे भूकंप आणि पुरांनंतर त्यांनी माती, चुना आणि बांबूची स्वस्त घरं लोकांकडूनच बांधून घेतली. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, हे लक्षात घेतलं की या साहित्याचं मोल कळतं. २०२३ मध्ये त्यांना ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. पण माझ्या दृष्टीने त्यांचं मोठं काम म्हणजे तो कोंबड्यांचा प्रश्न ऐकून घेणं.

म्हणून तुम्हाला एक काम देते. साधा भिंतीवरचा तापमापक आणा. एक आठवडा दुपारी तीनला आणि रात्री अकराला स्वयंपाकाच्या जागेतलं तापमान वहीत लिहा. लिहिण्याचं काम अम्मीवर टाकू नका, स्वतः त्या वेळी तिथे जाऊन बसा. गल्लीतल्या दहा घरांनी हे केलं की तुमच्याकडे तक्रार नाही, नोंद असेल. ती घेऊन नगरसेवकाकडे जा, घरमालकाकडे जा, मशिदीच्या कमिटीकडे जा. भाड्याच्या घराचा मालक रंगाचा खर्च करायला टाळाटाळ करेल, हे मला माहीत आहे. एका भाडेकरूला तो नाही म्हणतो. दहा जणांना एकदम नाही म्हणणं त्यालाही जड जातं.

एप्रिलच्या आधी सुरुवात करा. छत रंगवायला एक दिवस पुरतो, माणसं जमवायला मात्र दोन महिने लागतात.