आरोग्यसेवेतील कामाचे समाधान आणि घरची परिस्थिती
(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या वस्त्यांतील कितीतरी परिचारिका, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार राजावाडी, कूपर, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय (ज्याला लोक अजून शताब्दीच म्हणतात), मुलुंडचे कामगार विमा रुग्णालय अशा ठिकाणी काम करतात. त्यांना पगार किती हे सगळे विचारतात, काम आवडते का हे कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो तेव्हा बहुधा एकच उत्तर येते : "काम चांगलं आहे हो, पण घरचं जमत नाही." आजचा सारा विषय या 'पण'मध्ये आहे.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५९ साली कामाच्या समाधानावर एक पुस्तक लिहिले. कामातली सिद्धी, मिळणारी दाद आणि प्रत्यक्ष काम यांनी माणूस समाधानी होतो. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा यांत खोट असेल तर तो असमाधानी होतो, पण ती खोट काढल्याने समाधान आपोआप येत नाही, असे त्यांचे म्हणणे. खाजगी आयुष्य त्यांनी या दुसऱ्या यादीत घातले. विचार मोलाचा आहे. परंतु त्यांनी मुलाखती घेतल्या त्या पिट्सबर्ग भागातील अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या. रात्रपाळी संपवून घरी जाऊन पोळ्या लाटणारी परिचारिका त्यांत नव्हती. तिच्या बाबतीत घर हा यादीतला एक मुद्दा राहत नाही, बाकीचे सारे मुद्दे त्यातूनच जातात.

कसे ते पाहू. घाटकोपरात किंवा अंधेरीत घर परवडत नाही, म्हणून बिऱ्हाड बदलापूरला नाहीतर नालासोपाऱ्याला. वॉर्डात पोचायला दीड-दोन तास सहज लागतात. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल नसते, म्हणजे दुपारची पाळी लांबली की शेवटच्या गाडीची धास्ती. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दिवसा झोप हवी, पण एका खोलीच्या घरात नळाला पाणी येते ते नेमके त्याच वेळी, मुलाची शाळा सुटते ती त्याच वेळी, आणि शेजारीण म्हणते, "तू तर घरीच आहेस!" अशी बाई चार रात्रींनंतर रोग्यावर खेकसली, तर दोष तिच्या स्वभावाचा की झोपेचा? उलट, सासू किंवा नवरा डबा भरून देतो, मुलांचा अभ्यास बघतो, त्या घरातील परिचारिका तितक्याच पगारात आणि तितक्याच गर्दीच्या वॉर्डात वीस-वीस वर्षे हसतमुखाने काम करताना आमच्या पाहण्यात आहेत.

२०२० सालच्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि १५ जूनला अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी पुन्हा सुरू झाल्या. मधले जवळजवळ तीन महिने आपले लोक बेस्ट आणि एसटीच्या बसने कामावर जात होते. संसर्ग घरी नेऊ या भीतीने कित्येकांनी मुलांना नातेवाइकांकडे ठेवले. काही सोसायट्यांनी टाळ्याही वाजवल्या आणि जिन्यात वाटही अडवली. त्या काळात कामाचा अभिमान आणि घरची काळजी एकाच मनात होती, एकीने दुसरी कमी झाली नाही.

घरचे प्रश्न घरी ठेवा, असे साहेब लोक सांगतात. बाबासाहेबांचा विचार असा नव्हता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे; त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकावरही जबाबदारी येते. १९२९ साली तो कायदा झाला, तो कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे लागते. आपापल्या दवाखान्यात पाळणाघर कुठल्या मजल्यावर आहे, हे भगिनींनी उद्या जरूर विचारावे. उत्तर ऐकण्यासारखे असेल!

सर्वांत कठीण स्थिती कंत्राटी परिचारिकांची आणि मानधनावर घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांची. वस्तीत त्यांना मान आहे, बाळाच्या डोसासाठी बाया त्यांनाच हाक मारतात. पण पुढच्या वर्षी काम असेल का, हे माहीत नसताना मुलीच्या कॉलेजची फी कशी ठरवायची? येथे समाधानाच्या गप्पा आम्हाला पटत नाहीत, आधी नेमणुकीचे बोला.

नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी आणि मुलांनीही फीबरोबर पाळ्या, वसतिगृह आणि करार यांची चौकशी करावी. कंत्राटावर असलेल्या भगिनींसाठी एक गोष्ट : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असेल, तर कायद्याप्रमाणे रजेचा लाभ मागता येतो. म्हणून दर महिन्याच्या हजेरीची नक्कल स्वतःजवळ ठेवावी, आणि ती घरात कुठे ठेवली आहे हे नवऱ्यालाही सांगून ठेवावे.