न्हाणीघरातील कर्बभार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वातावरणातील बदलाविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गिरण्यांची धुराडी, मोटारींच्या रांगा आणि वितळणारी हिमशिखरे उभी राहतात. न्हाणीघर कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु प्रत्येक घरात रोज सकाळी इंधन जळते ते दोनच ठिकाणी, स्वयंपाकघरात आणि आंघोळीच्या पाण्याखाली. पहिल्याचा विचार आपण गेली अनेक वर्षे करीत आलो आहोत. आज दुसऱ्याचा करू या.

एखादे काम करताना जो कर्बवायू हवेत मिसळतो, त्याला त्या कामाचा कर्बभार म्हणावे. न्हाणीघराचा कर्बभार मुख्यतः तीन गोष्टींनी बनतो. पाणी तापविणे, ते घरापर्यंत आणणे आणि वापरून झाल्यावर त्याची विल्हेवाट लावणे. यांत पहिल्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

एका बादलीचा हिशेब

माझ्या लहानपणी परसात तांब्याचा बंब असे. घरातील सून सर्वांच्या आधी उठे, बंबाच्या नळीत पऱ्हाट्या, तुराट्या, भुईमुगाची टरफले घाली आणि डोळे पुशीत फुंकर मारी. घरातील इतरांना मिळे ते ऊन पाणी, तिच्या वाट्याला धूर. बंबाविषयी आज आपण आपुलकीने बोलतो, तेव्हा ही दुसरी बाजू विसरता कामा नये. शेतातील काडीकचरा जाळला तर त्यातील कर्ब पुढच्या पिकात पुन्हा सामावतो, हे खरे. पण त्यासाठी बाभूळ तोडली आणि तिच्या जागी दुसरी लावली नाही, तर तो हिशेब उसनवारीचाच राहतो. आणि धूर तर दोन्हींचा सारखाच.

आता बंबाची जागा विजेच्या गिझरने घेतली आहे. धूर दिसेनासा झाला, पण तो नाहीसा झालेला नाही. तो चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून निघतो. २० लिटरची एक बादली २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. देशातील एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. म्हणजे एका बादलीमागे ३५० ग्रॅम. पाच माणसांच्या घरात रोजचे पावणेदोन किलो झाले. थंडीचे केवळ १२० दिवस धरले तरी एका घराचे २१० किलो, आणि ३०० उंबऱ्यांच्या गावाचे ६३ टन.

हा आकडा एवढा मोठा का? कोळशाच्या उष्णतेपैकी साधारणतः एक तृतीयांश तेवढी वीज बनते, उरलेली वाया जाते. ती वीज तारांवरून शेकडो किलोमीटर आणावयाची, वाटेत आणखी काही गमवावयाची आणि घरी तिची पुन्हा उष्णताच करावयाची. पाणी कोमट करण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम!

गॅसचा गिझर या हिशेबात उजवा ठरतो. एका बादलीस सुमारे ५० ग्रॅम गॅस पुरतो आणि १५० ग्रॅमच्या आसपास कर्बवायू निघतो, म्हणजे विजेच्या निम्म्याहून कमी. परंतु येथे एक इशारा मला आग्रहाने द्यावयाचा आहे. बंद न्हाणीघरात गॅसची ज्योत पेटली की ती तेथील प्राणवायू संपवू लागते. ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आंघोळीला गेलेले माणूस बाहेर आलेच नाही, अशा बातम्या थंडीच्या दिवसांत आपण वाचतो, त्यांचे कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि नळीने पाणी आत न्यावे. कर्बभार कमी करताना जीव गमावणे हा कोणताच हिशेब नव्हे.

सूर्य दारी असताना

पावसाळ्याचे व ढगाळ दिवस वगळले तर आपल्या राज्यावर वर्षातील बहुतेक दिवस स्वच्छ ऊन असते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास साडेतीन युनिट वीज लागते. हेच काम छपरावरील सौर बंबाने वर्षात २५० दिवस केले, तरी पावणेनऊशे युनिट वाचतात आणि सुमारे ६०० किलो कर्बवायू टळतो. विंधन विहिरीचे पाणी जड असेल तर त्याचा क्षार पातळ तांब्याच्या नळ्यांत साचतो. अशा ठिकाणी काचेच्या निर्वात नळ्यांचा बंब अधिक सोयीचा. तोही परवडत नसेल तर काळा रंग दिलेले पिंप उन्हात ठेवावे. संध्याकाळच्या आंघोळीपुरते पाणी सहज कोमट होते.

विजेचा गिझर असेल तर तो दिवसभर चालू ठेवू नये आणि त्याचे तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवावे. कढत पाणी काढून त्यात थंड पाणी ओतणे म्हणजे पैसे देऊन तापविणे व पुन्हा निवविणे होय. २० लिटरऐवजी १५ लिटरमध्ये आंघोळ उरकली, तर काही खर्च न करता चौथाई वीज वाचते. आपली बादली-तांब्याची रीत मागासलेली मुळीच नाही. मिनिटाला दहा लिटर ओतणाऱ्या फवाऱ्याखाली पाच मिनिटे उभे राहिल्यास अडीच बादल्या पाणी जाते.

नळ आणि मोरी

थंड पाण्यालाही कर्बभार असतो, कारण ते टाकीपर्यंत चढवावे लागते. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढविण्यास, पंपातील घट धरून, सुमारे अर्धा युनिट वीज खर्च होते. दर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या तोटीतून दिवसाला चार लिटरहून अधिक, वर्षाला दीड हजार लिटर पाणी जाते. एका तोटीचे हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण गावातील गळक्या तोट्या, फुटक्या जोडण्या आणि भरून वाहणाऱ्या टाक्या एकत्र धरा, म्हणजे ग्रामपंचायतीचे पंपाचे वीजबिल का फुगते ते कळेल. त्यावर उपाय एका वायसरचा आहे.

मोरीतून वाहणारे पाणी परसबागेतील केळीला, अळूला द्यावे. उरलेले शोषखड्ड्यात मुरवावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे व डास दोन्ही हटविले. मुरलेले पाणी विहिरीची पातळी सावरण्यास हातभार लावते आणि पातळी जेवढी वर, तेवढी पंपाची वीज कमी.

कोणी काय करावे

राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पाचही तत्त्वांचा त्यात विचार आहे. न्हाणीघरात त्यांतील जल, अग्नी आणि वायू तर रोजच एकत्र येतात! पंचायत सदस्यांनी प्रथम सार्वजनिक नळांची गळती थांबवावी. अधिकारी बंधूंनी आपल्या अखत्यारीतील वसतिगृहे, आश्रमशाळा व विश्रामगृहे येथे सौर बंब आहेत का, आणि असल्यास ते चालू आहेत का, हे स्वतः छपरावर चढून पाहावे. बसविलेले संयंत्र दुरुस्तीअभावी पडून असेल, तर त्याचा लाभ फक्त कागदावर राहतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक आठवडा घरच्या बादल्यांची नोंद करवून घ्यावी व गणिताच्या तासाला तिचा हिशेब मांडावा. मुलाने स्वतः केलेली बेरीज घरात ऐकली जाते, असा माझा अनुभव आहे.

भारताने २०७० सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जगापुढे ठेवले. ते फार दूरचे वाटेल. पण उद्या पहाटे पाणी तापविणारी माउली धुरात बसणार नाही, आणि बंद दाराआड कोणाचा श्वास कोंडणार नाही, हे उद्दिष्ट या हिवाळ्याचे आहे. ते साधण्यासाठी आपण सर्वांनी घरी गेल्यावर पहिले पाऊल स्वतःच्या न्हाणीघरात टाकावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.