परसातला जमाखर्च

बेताच्या मिळकतीच्या घरात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काटकसरीला सुरुवात कोठून होते, हे पाहण्यासारखे आहे. घरभाडे, मुलांची फी, विजेचे बिल यांना हात लावता येत नाही. चहा तर बंद होतच नाही! मग उरते काय? भाजी. अर्धा किलोऐवजी पाव किलो येते. तीही आधी मुलांच्या ताटात, मग पुरुषमंडळींच्या, आणि कढईच्या तळाशी काही राहिलेच तर घरच्या बाईच्या वाट्याला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. पण ताटातले हिरवे पान कमी होणे हे त्यांतलेच एक. तेव्हा परसबाग ही केवळ हौसेची बाब समजू नये.

मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे बागेकडेही जमाखर्चाच्या वहीतून पाहण्याची खोड आहे. पुष्कळ मंडळी मोठ्या उत्साहाने बाग सुरू करतात. रंगीत कुंड्या येतात, विकतची माती येते, खताच्या पिशव्या येतात आणि फ्लॉवर-सिमला मिरचीची रोपे लागतात. चार महिन्यांनी हिशेब केला, तर घरची मिरची बाजारच्या मिरचीपेक्षा महाग पडलेली असते. मग कुंड्या रिकाम्या होतात आणि 'आपल्याला हे जमायचं नाही' असे ठरते. वास्तविक, बाग चुकलेली नसते, तिचे अंदाजपत्रक चुकलेले असते. जुन्या परसाचा नियम अगदी साधा होता: घर जे टाकते, तेवढ्यावर जे जगेल, तेच लावायचे.

आता घर काय काय टाकते ते पाहू. पहिले पाणी. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी रोज दोन-तीन तपेली तरी मोरीत जाते. म्हणून तर मोरीच्या तोंडाशी आळू आणि न्हाणीच्या पाण्यावर केळ असे. या दोघांना ओल हवी, आणि ओल तेथे आयतीच. मात्र आजच्या मोरीत शिकेकाई आणि राख नसते, कपड्यांची पावडर असते. ते पाणी पालेभाजीला घालू नये. केळीला द्यायचे तर आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून, कर्दळीच्या मुळांतून जाऊ द्यावे. संडासाचे पाणी भाजीजवळ मुळीच नको. आणि पाणी कोठेही साचू देऊ नये. नाही तर भाजीच्या आधी डासांचे पीक येईल!

दुसरी टाकाऊ वस्तू म्हणजे साले, देठे आणि वाळका पाला. भोके पाडलेल्या जुन्या डब्यात एक थर सालांचा, त्यावर जाड थर वाळक्या पाल्याचा आणि मूठभर माती, असे भरत जावे. आठवड्यातून एकदा हलवावे. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारे काळे खत हाती येते. घाण वास आला, तर पाला कमी पडला असे समजावे. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 'प्रयोग परिवारा'तून महाराष्ट्राला हाच हिशेब शिकवला की, पानावर पडणारे ऊन हे खरे भांडवल आणि कुजलेला पाला ही खरी ठेव. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आता जमेची बाजू. कुंपणाशी जागा असेल, तर पहिला मान शेवग्याला द्यावा. पावसाच्या तोंडाशी मनगटाएवढ्या जाडीची तीन-चार फूट फांदी रोवली की ती फुटते. लाकूड ठिसूळ असते, म्हणून घरापासून जरा दूर लावावी आणि दरवर्षी छाटावी. आपण शेंगांची वाट पाहतो. खरा लाभ पाल्याचा आहे. कोवळा पाला ओरबाडून, भिजवलेली मूगडाळ घालून, लसणीच्या फोडणीवर परतला की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही.

'आम्हाला परसच नाही, दोन खोल्या आणि एक गॅलरी,' असे म्हणणारे श्रोते अनेक असतील. त्यांच्यासाठी लाल माठ. फळांची चार खोकी घ्यावीत, चार-पाच तास ऊन येईल अशी ठेवावीत आणि दर आठवड्याला एक पेरावे. माठ सुमारे चार आठवड्यांत काढणीला येतो; म्हणजे पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक खोके तयार. काढले की थोडे खत घालून पुन्हा पेरायचे. एवढ्याने घरची सगळी भाजी भागणार नाही. पण महिनाअखेरीस जी मूठभर पालेभाजी आपण पहिल्यांदा वगळतो, ती मात्र चुकणार नाही.

पिकवणे ही अर्धी काटकसर झाली. उरलेली अर्धी स्वयंपाकघरात आहे. दोडक्याच्या शिरा आपण सोलून टाकतो. त्या बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत कराव्यात, तीळ, सुके खोबरे, तिखट-मीठ घालून कुटाव्यात. चटणी आठवडाभर पुरवून खाता येते. मुळ्याचा पाला, भोपळ्याची फुले, केळफूल ही सारी आपल्या रांधपातली मानाची माणसे आहेत. विलायती बाटल्यांमुळे ती मागच्या दाराला गेली, इतकेच.

जुन्या रीतींमागे विचारही आहे. आळूत चिंच किंवा आंबट चुका का घालतात? आळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तेच घशाला खाजवतात. चांगले शिजवल्याने आणि आंबटाच्या जोडीने ती खाज कमी होते. पालेभाजीवर वरून लिंबू पिळण्यालाही अर्थ आहे. भाजीतले लोह अंगी लागायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते. उलट, जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. लिंबू महाग झाले असेल, तर निदान चहा तासभर पुढे ढकलावा. त्याला तर काहीच खर्च नाही!

शेवटची गोष्ट बियाण्याची. वेलावरचे पहिले, निरोगी, भरदार फळ बियाण्याला राखावे. शेवटचे किडके नव्हे. वेलावर पुरते वाळू द्यावे, बी काढून राखेत घोळावे आणि कोरड्या डब्यात ठेवावे. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच देशी वाण जपले. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाची सुरुवात घरच्या परसापासूनच झाली होती.

तेव्हा श्रोते हो, बाग सुरू करण्यासाठी आधी बाजारात जाऊ नका. उद्या सकाळी मोरीपाशी एक रिकामी बादली ठेवा. तांदूळ-डाळींचे, भाज्यांचे धुवण दिवसभर तीत साठवा, आणि संध्याकाळी मोजा. त्या बादलीत किती झाडे जगतील, एवढीच तुमची बाग. आणि तीत पहिली मूठभर भाजी निघाली, की तेवढा एकच दिवस ताटे वाढण्याचा क्रम उलटा करा. घरच्या बाईचे ताट आधी वाढा. माझ्या जमाखर्चात खरी शिल्लक तीच.