सावरपाड्याची धांवपटू

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यांतील दोन डोंगरी तालुके. तेथें वर्षाकांठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. परंतु तो उतारावरून वाहून जातो, आणि चैत्र-वैशाखांत तेथील बायकामुली डोक्यावर हंडा घेऊन दूरचा झरा गांठतात. याच मोखाडा तालुक्यांत कोचाळे येथें मध्य वैतरणा धरण उभें आहे. त्याचें पाणी मुंबईकरांच्या नळांना येतें.

मोखाड्याला लागूनच नाशिक जिल्ह्यांतील हरसूलचा भाग आहे. तोच सह्याद्रि, तींच नाचणी-वरईचीं शेतें, तीच पाण्यासाठीं पायपीट. तेथील सावरपाडा या आदिवासी वस्तींत १९८५ सालीं कविता राऊत हिचा जन्म झाला. शाळेंत तिनें धांवण्याचा खेळ पत्करला, त्याचें कारण अगदीं साधें होतें. घरच्यांना त्यासाठीं कांहींच विकत आणावें लागत नव्हतें. अनवाणी पायांनींहि धांवतां येत होतें.

पुढें नाशिक येथील प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखालीं तिच्या धांवण्याला शिस्त लागली. दहा हजार मीटरांची शर्यत म्हणजे चारशे मीटरांच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. तींत नुसता वेग उपयोगी पडत नाहीं. आरंभीं किती शक्ति राखावी आणि शेवटीं ती केव्हां खर्चावी, हें अनेक वर्षांच्या सरावानेंच कळतें.

८ ऑक्टोबर १९१० नव्हे, तर अवघ्या शंभर वर्षांनंतरचा २०१० सालचा तो दिवस. दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत केनियाच्या दोघी पुढें निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग ३३ मिनिटें व ५ सेकंदांत कविता आली. या स्पर्धांत धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. पुढच्याच महिन्यांत ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेंत तिनें रौप्यपदक मिळविलें; सुवर्णपदक प्रीजा श्रीधरन हिला थोडक्या अंतरानें गेलें. २०१२ सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें ती मॅरेथॉन धांवली. तेथें तिचा क्रमांक १२० वा आला, तरी शर्यत तिनें पुरी केली.

ही कथा ऐकून कित्येक जण म्हणतात कीं, डोंगरांत पाणी वाहिल्यामुळेंच तिचे पाय बळकट झाले. या बोलण्यांत कौतुक असलें तरी विचार थोडा आहे. हंडा वाहिल्यानें पदकें मिळत असतीं, तर मोखाड्यांतील घरोघरीं तीं टांगलेलीं दिसलीं असतीं. हंडा शक्ति देत नाहीं. ती खर्च करवितो. कविता पुढें गेली, ती तिच्या पायांकडे वेळीच कोणाचें तरी लक्ष गेलें आणि तिला शिकविणारा भेटला म्हणून.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तसे पाय आजहि असतील. त्यांतल्या एखाद्या मुलीच्या दाराशीं पाणी यावें, ताटांत पोटभर अन्न असावें, आणि ती शाळेच्या पटांगणावर धांवूं लागेल तेव्हां हातांत घड्याळ घेऊन कोणी तरी कडेला उभें असावें.