समुद्राच्या शाळेतील उमेदवारी
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात डिंडोली येथे केलेले भाषण)



या शुभप्रसंगी शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. सर्वसाधारण उपदेश आपण पुष्कळ ऐकला आहे. म्हणून मी एकच विषय घेतो आणि शेवटी आपल्यापुढे एक मागणी ठेवतो. विषय आहे समुद्रविज्ञान शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची उमेदवारी. हल्ली तिलाच इंटर्नशिप म्हणतात.

उमेदवारी आपल्या वस्तीला नवी नाही. मुलगा लूमवर लागला की पहिल्याच दिवशी त्याच्या हाती कोणी यंत्र देत नाही. तो कांडी भरतो, तुटलेला धागा सांधतो, जाणत्या कारागिराच्या हाताकडे पाहतो आणि मग ताका विणू लागतो. विज्ञानाची रीतही हीच आहे.

कोणी विचारील, खानदेशातून पोटासाठी आलेल्या आपल्या मुलांचा समुद्राशी संबंध काय? तो संबंध तापीने केव्हाच जोडून ठेवला आहे. मुलताईस उगम पावून, भुसावळवरून वाहत, उकाईच्या धरणात विसावून, सुमारे ७२४ किलोमीटरच्या प्रवासानंतर ती आपल्याच शहराजवळ समुद्राला मिळते. सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या वर तिचे गोडे पाणी, खाली भरतीचे खारे पाणी. खंबायतच्या आखातातील भरती देशात सर्वांत मोठी. भावनगरकडे पाण्याची चढउतार दहा मीटरच्याही वर जाते. ऑगस्ट २००६ चा पूर येथील अनेकांनी छपरावरून पाहिला आहे. पुराचे पाणी किती लवकर उतरेल हे भरतीवरही अवलंबून असते. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रातून निघणारा वायू तळाशी टाकलेल्या नळांतून हजिऱ्यास येतो. याच सुरतेच्या बंदरातून एके काळी हजचे यात्रेकरू गलबतांत बसत. एवढा समुद्र उंबऱ्याशी असून आपली मुले त्याला फक्त डुमसच्या सहलीपुरती ओळखतात.

आता या शास्त्राची थोडी हकीकत सांगतो. १९६० ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराचे संशोधन केले. त्या मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोनापावला येथे असून मुंबईतही तिचे केंद्र आहे. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी महासागराच्या तळावरून धातुयुक्त गोळे वर काढले. समुद्रातील यंत्रविद्येसाठी १९९३ साली चेन्नईत राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था निघाली. माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तिनेच हाती घेतली आहे. मत्स्यशास्त्रासाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ पासून आणि रत्नागिरीजवळ शिरगावचे महाविद्यालय १९८१ पासून काम करीत आहे.

या शास्त्रातील दोन नावे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावीत. अलाहाबादचे डॉ. सय्यद झहूर कासीम अलीगढला शिकले आणि पुढे गोव्याच्या संस्थेचे संचालक झाले. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते तेच. २१ जणांची ती तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. दुसरे नाव नागपूरच्या डॉ. अदिती पंत यांचे. सागराविषयीच्या एका पुस्तकाने त्यांना ही वाट दाखविली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह त्या अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तेथे जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया या दोघीच. मुलीला दोन महिने परगावी कसे पाठवावे, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

उमेदवार तेथे जाऊन करतो काय? बाटलीत समुद्राचे पाणी भरतो. त्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा असेल तर बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. जागच्या जागी त्यात मँगनीजचा क्षार व अल्कयुक्त आयोडाइड घालावे लागते. तपकिरी साका बसतो आणि मग प्रयोगशाळेत त्याचे अनुमापन होते. ही विंकलरची रीत १८८८ पासून चालत आली आहे. बारीक जाळीने प्लवक धरणे, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची मोजणी करणे, गाळ चाळणे, भरतीचे आकडे मांडणे हीही त्याचीच कामे. काम कंटाळवाणे वाटते. परंतु आपली नोंद चुकली की पुढचे सारे गणित चुकते, ही जबाबदारी तेथे प्रथम कळते.

व्यवहाराची बाजूही सांगितली पाहिजे. बहुतेक ठिकाणी पदवीचा विद्यार्थी लागतो आणि महाविद्यालयाचे पत्र लागते. पुष्कळदा विद्यावेतन मिळत नाही, राहण्याजेवणाचा खर्च पदरचा करावा लागतो. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मात्र विद्यावेतन व प्रवासखर्च देते. तिचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून दूर राहावे. आणि उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हेही पालकांनी समजून असावे.

खरी अडचण पुढेच आहे. आमचा मुलगा उन्हाळ्यात गावी जातो किंवा लूमवर जातो. त्या दोन महिन्यांच्या मजुरीवर कित्येक घरी पुढील वर्षाची फी भरली जाते. त्याला दोनापावल्यास पाठवायचे म्हणजे घराला दुहेरी फटका: मजुरी बुडते आणि खर्च वाढतो. म्हणून सधन घरची मुले उमेदवारी करतात, आणि आमची हुशार मुले तितकेच गुण मिळवूनही मागे राहतात. हा बुद्धीचा दोष नाही. दोन महिन्यांच्या पोटापाण्याचा हा प्रश्न आहे, आणि तो सोडविणे ट्रस्टच्या आवाक्यातले आहे.

माझी मागणी अशी. रौप्यमहोत्सवी निधीतून एक लहान रक्कम वेगळी ठेवावी. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना, त्यांत एक मुलगी अवश्य, प्रवास, निवास, भोजन आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. अर्ज भरण्यास मदत करण्याचे काम आम्ही शिक्षक आनंदाने अंगावर घेऊ. परत आलेल्या विद्यार्थ्याने नववी-दहावीच्या मुलांना सिंगणपोरला न्यावे, बंधाऱ्याच्या वरचे व खालचे पाणी तपासून दाखवावे. म्हणजे एकाची उमेदवारी चाळीसांना शिकवील.

गेल्या पंचवीस वर्षांत या ट्रस्टने वह्या वाटल्या, फी भरल्या, गुणवंतांचे सत्कार केले. त्या सत्कारानंतर मुलगा कोठे जातो, याची काळजी पुढील पंचवीस वर्षांत वाहावी, एवढी विनंती आहे.